बाटलीवरचा आकडा कुठून आला? : घरगुती बिअर, हायड्रोमीटर आणि अनुमान

गेली तीन व्याख्यानं आपण प्रमाणांचा विचार करतो आहोत. प्रत्यक्ष म्हणजे काय, अनुमान म्हणजे काय, आणि शब्दावर, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावर, कधी विसंबायचं. आज खरं तर हेत्वाभासांकडे वळायचं होतं. पण मध्ये एक पत्र आलं, आणि ते वाचल्यावर आम्ही ठरवलं की आजचा तास या पत्रालाच द्यायचा.

आपले एक श्रोते इंग्लंडात राहतात. घरी किट आणून बिअर बनवायचा त्यांना छंद आहे. त्यांनी हायड्रोमीटरने मोजमाप केलं, गणित मांडलं आणि बाटल्यांवर चिठ्ठी चिकटवली: मद्यार्क ३.३ टक्के. एका शनिवारी मित्र जेवायला आला. अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या त्याने संपवल्या. निघताना गाडीची किल्ली हातात घेतली, चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, ‘हलकीच आहे की!’ तेवढ्यात घरातून आवाज आला, ‘अहो, पण डब्यावर तर साडेचार लिहिलंय.’ मग इंटरनेटवरच्या एका गणकयंत्रात साहित्याचे आकडे भरले. ते म्हणालं, ४.३. मित्र त्या रात्री बसने घरी गेला. पत्राच्या शेवटी प्रश्न असा: ‘सर, माझं प्रत्यक्ष सांगतं ३.३, डब्याचा शब्द सांगतो ४.५, आणि अनुमान सांगतं ४.३. तुम्ही तर शिकवलंत की प्रत्यक्ष श्रेष्ठ. मग खरं काय?’

प्रश्न फार चांगला आहे. आम्ही स्वतः पीत नाही, पण मोजण्याविषयी प्रश्न विचारायला प्यावं लागत नाही. आणि मित्र बसने गेला म्हणून आपण आज शांतपणे चर्चा करतो आहोत. तो गाडी घेऊन गेला असता तर हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा राहिला नसता.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करू. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी मद्य बनवणं हा गुन्हा आहे. तेव्हा पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांनी यातून फक्त तर्क घ्यावा. ब्रिटनमध्ये गोष्ट वेगळी. तिथे १८८० साली ग्लॅडस्टन यांनी माल्टवरचा कर काढून तो बिअरच्या मूळ द्रवाच्या घनतेवर बसवला आणि घरी बिअर करणाऱ्यालाही परवाना लागू लागला. ती अट १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी रद्द केली. स्वतःपुरती करा, विकू नका, एवढाच नियम उरला. त्यानंतर तिथे घरगुती बिअरचा छंद वाढला आणि किटचा बाजार उभा राहिला.

आता किट म्हणजे काय ते पाहू. मोड आणून वाळवलेल्या जवाला माल्ट म्हणतात. त्यातली साखर पाण्यात उतरवायची, हॉप्स घालून उकळायचं आणि ते पाणी आटवून काकवीसारखा दाट पाक करायचा, हे सगळं कारखान्यात झालेलं असतं. आपल्या हातात येतो तो पाकाचा डबा, साधारण दीड ते पावणेदोन किलोचा, आणि यीस्टची पुडी. घरी काय करायचं? पाक गरम पाण्यात विरघळवायचा, किलोभर साखर घालायची, थंड पाणी ओतून एकूण २३ लिटर करायचं, ढवळायचं, यीस्ट टाकायचं आणि झाकण लावायचं. या गोड, न आंबलेल्या पाण्याला वर्ट म्हणतात. यीस्ट साखर खातं, तिचा मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड होतो, आणि आठ-दहा दिवसांत, कधी दोन आठवड्यांत, बिअर तयार होते.

आता हायड्रोमीटर. आपल्याकडे दूध संकलन केंद्रावर लॅक्टोमीटर असतो, तो तुम्ही पाहिला असेल. काचेची पोकळ नळी, खाली वजन, वर बारीक दांडी, दांडीत आकड्यांची पट्टी. द्रव दाट असेल तर नळी वर तरंगते, पातळ असेल तर खाली जाते. हायड्रोमीटर म्हणजे तेच. शुद्ध पाण्यात तो १.००० दाखवतो. साखरेच्या पाण्यात वर उचलला जातो आणि १.०३९, १.०४५ असं काही दाखवतो. बोलताना आपण सोयीसाठी पुढचा एक सोडून देऊ आणि ‘३९ अंक’, ‘४५ अंक’ असं म्हणू.

पण लॅक्टोमीटरचा एक धडा इथे लक्षात ठेवा. गवळ्याने दुधात पाणी घातलं तर घनता उतरते आणि चोरी पकडली जाते. मात्र मलई हलकी असते. ती काढून घेतली तर घनता वाढते. म्हणजे मलई काढायची आणि बेताने पाणी घालायचं. आकडा जागच्या जागी! लॅक्टोमीटर खोटं बोलला का? नाही. त्याने घनता सांगितली, ती खरीच होती. ‘दूध शुद्ध आहे’ हे त्याने सांगितलंच नव्हतं. ते आपण जोडलं.

हायड्रोमीटरचंही तसंच आहे. तो मद्यार्क मोजत नाही. आमच्या श्रोत्यांची पहिली चूक इथे आहे, आणि ती गणिताची नाही, समजुतीची आहे. ३.३ टक्के हे त्यांचं प्रत्यक्ष नव्हतंच. प्रत्यक्ष काय होतं? दोन दिवशी पाहिलेल्या दोन रेघा. सुरुवातीला ३१ अंक, शेवटी ६ अंक. बाकी सगळं अनुमान.

हे अनुमान कसं चालतं, ते सावकाश पाहू. १८० ग्रॅम ग्लुकोज पूर्ण आंबलं तर रासायनिक हिशोबाने ९२ ग्रॅम मद्यार्क आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वायू बुडबुड्यांतून उडून जातो, मद्यार्क मागे राहतो. म्हणजे किती वायू गेला हे कळलं की किती मद्यार्क राहिला हे सांगता येतं. आणि वायू किती गेला हे घनतेच्या उतारावरून ढोबळमानाने कळतं. समजा सुरुवातीला ३९ अंक होते आणि शेवटी ६ उरले. उतार ३३ अंकांचा. याचा अर्थ लिटरमागे जवळपास ३३ ग्रॅम वजन कमी झालं, ते वायूने नेलं. ८८ ला ९२, तर ३३ ला साडेचौतीस. इतके ग्रॅम मद्यार्क एका लिटरमध्ये आहे. मद्यार्क पाण्यापेक्षा हलका, एका मिलिलिटरचं वजन ०.७९ ग्रॅम. भागाकार करा, ४३-४४ मिलिलिटर येतात. म्हणजे सुमारे ४.४ टक्के.

घरगुती बिअर करणारे हाच हिशोब एका सूत्रात करतात: सुरुवातीची घनता वजा शेवटची घनता, गुणिले १३१.२५. आपल्या उदाहरणात ०.०३३ गुणिले १३१.२५, म्हणजे ४.३. हा गुणक आकाशातून पडलेला नाही. आता केलेल्या हिशोबातून तो साधारण १३२ येतो, व्यवहारात थोडा कमी धरतात. यीस्ट काही साखर स्वतःच्या वाढीसाठी वापरतं, तेव्हा हिशोब अगदी काटेकोर कधीच नसतो. नेहमीच्या बिअरला हा गुणक चालतो. बिअर फार कडक असेल तर तो थोडा कमी पडतो, म्हणून ब्रिटिश करखात्याच्या तक्त्यात बिअर जसजशी कडक होते तसतसा गुणकही वाढत जातो. एक सोपी खूण लक्षात ठेवा: एक अंक म्हणजे ०.१३ टक्का.

न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, ते आपण मागच्या वेळी पाहिले. त्यातले दोन आज कामाला येतात. कारणावरून कार्याकडे जाणं हे पूर्ववत्. आकाशात ढग दाटले, म्हणजे पाऊस येणार. कार्यावरून कारणाकडे जाणं हे शेषवत्. नदीला पूर आला आहे, म्हणजे वर कुठेतरी पाऊस झाला. घनता उतरली, म्हणजे साखर आंबली, हे शेषवत् अनुमान झालं.

आणि तुम्हाला आठवत असेल, तिथेच सूत्रकारांनी प्रतिपक्षाचा आक्षेपही मांडला आहे. प्रतिपक्षी म्हणतो, नदीचं पाणी बांध घातल्यानेही चढतं. मग पाणी चढलं म्हणून पाऊस झाला असं कसं म्हणता? अनुमान भरवशाचं नाही! त्यावरचं उत्तर फार व्यवहारी आहे. बांधाने चढलेलं पाणी वेगळं दिसतं. पावसाच्या पुराला ओढ असते, फेस असतो, पानं, फळं, लाकडं वाहत येतात. हा फरक न बघता अनुमान करणाऱ्याची ती चूक, अनुमानाची नव्हे. आता आपण आपल्या पिंपाशी बसू आणि इथे ‘बांध’ कुठे कुठे आहेत ते बघू.

पहिला बांध तापमानाचा. हायड्रोमीटरच्या पट्टीवर बारीक अक्षरात तापमान छापलेलं असतं, बहुधा २० अंश सेल्सिअस, काही जुन्यांवर साडेपंधरा. गरम द्रव पातळ असतो. २० अंशांचा हायड्रोमीटर ३० अंशांच्या द्रवात टाकला तर तो जवळजवळ अडीच अंक कमी दाखवतो. ४० अंशांना सहा अंक कमी. अडीच अंक म्हणजे किती? एक तृतीयांश टक्का मद्यार्क. आमच्या श्रोत्यांना आम्ही उलट विचारलं, पहिलं मोजमाप कधी घेतलंत? म्हणाले, ‘पाक गरम पाण्यात विरघळवला, नळाचं पाणी ओतलं, आणि लगेच. द्रव तिशीच्या आसपास असेल.’ म्हणजे ३१ चे साडेतेहतीस तर इथेच झाले.

दुसरा बांध बुडबुड्यांचा. आंबत असलेल्या द्रवात वायू असतो. त्याचे कण नळीला चिकटतात आणि तिला वर उचलतात, पोहताना हवेचं टायर लावावं तसं. मग आकडा वाढीव दिसतो. उपाय सोपा: नमुना एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात दहा-पंधरा वेळा ओता, वायू जाऊ द्या, हायड्रोमीटर टाकल्यावर दांडीला हलकी गिरकी द्या आणि मग वाचा. द्रव काचेला लागून थोडा वर चढतो. ती कड वाचायची नाही, डोळा पातळीला आणून मधली खोलगट पातळी वाचायची.

तिसरा बांध न ढवळण्याचा. किटमध्ये हा सगळ्यात मोठा. दाट पाक तळाला बसतो, वर ओतलेलं पाणी वरच राहतं. पिंपाच्या तोटीतून खालचा नमुना घेतला तर आकडा वाढीव, वरून पळीने घेतला तर उणा. आपल्याकडे सरबत न ढवळता प्यायलं तर पहिला घोट पाण्याचा आणि शेवटचा साखरेचा लागतो, तसंच. आमच्या श्रोत्यांनी नमुना वरून घेतला होता.

आता यात एक गंमत आहे. काही चुका आपोआप कटतात, काही कटत नाहीत. समजा तुमच्या हायड्रोमीटरमधली कागदी पट्टी सरकली आहे आणि शुद्ध पाण्यात तो १.००० ऐवजी १.००२ दाखवतो. घाबरू नका. तो दोन्ही वेळा दोन अंक जास्त दाखवेल, आणि वजाबाकीत ते दोन अंक जातील. पण पहिल्या दिवशी द्रव गरम आणि शेवटच्या दिवशी थंड, पहिल्या दिवशी न ढवळलेला आणि शेवटच्या दिवशी नीट मिसळलेला, असं असेल तर चूक एकाच बाजूला पडते आणि उत्तरात जशीच्या तशी उतरते. एकसारख्या चुकीपेक्षा बदलती चूक जास्त घातक.

मग खरी सुरुवातीची घनता किती होती? तो दिवस गेला, ती साखर आता नाही. हरवलेलं पहिलं मोजमाप परत घेता येत नाही. पण पूर्ववत् अनुमान करता येतं. ढगावरून पाऊस. आणि किट वापरणाऱ्याला इथे एक फार मोठी सोय आहे.

धान्यापासून बिअर करणाऱ्याला माहीत नसतं की धान्यातली किती साखर पाण्यात उतरली. त्याला मोजल्याशिवाय गत्यंतर नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमधले कारागीर याच अडचणीत होते. हल शहरातल्या जॉन रिचर्डसन यांनी १७८४ मध्ये पुस्तक लिहून सॅकॅरोमीटर, म्हणजे साखर दाखवणारा हायड्रोमीटर, दारूभट्टीत का हवा ते मांडलं, ते याचसाठी. पण किटमध्ये धान्यातून साखर काढण्याचं काम आधीच झालेलं आहे. पाकाचं वजन डब्यावर आहे, साखरेचं वजन पुडक्यावर आहे. ते सगळं पिंपात गेलं, कुठेही सांडलं नाही.

आता हिशोब करू. एक किलो साधी साखर एकूण दहा लिटर द्रावणात असेल तर सुमारे ३८ अंक मिळतात. एक किलो माल्टचा पाक दहा लिटरमध्ये असेल तर सुमारे ३०, कारण पाकात पाणीही असतं. आमच्या श्रोत्यांचा डबा १.७ किलोचा, साखर एक किलो, पिंपात २३ लिटर. पाकाचे १.७ गुणिले ३००, म्हणजे ५१०. साखरेचे ३८४. बेरीज ८९४. भागिले २३. उत्तर ३९. म्हणजे १.०३९.

बघा मंडळी, पाकाचं आणि साखरेचं वजन खरं असेल तर २३ लिटरच्या सबंध पिंपात ३१ अंक असूच शकत नव्हते. उरलेली साखर गेली कुठे? आणि उलट, कुणी खालच्या तोटीतून नमुना घेऊन ५० अंक वाचले असते, तरी आपण म्हणालो असतो, शक्य नाही, इतकी साखर आली कुठून? सांख्यांचा सत्कार्यवाद तुम्हाला माहीत आहे: जे कारणात नाही ते कार्यात येत नाही. पिंपात जितकं टाकलं तितकंच पिंपात आहे.

म्हणून आमच्या श्रोत्यांच्या प्रश्नाचं उत्तर असं: इथे अंदाज बरोबर होता आणि मोजमाप चुकलं होतं. ‘मोजलं’ या शब्दाला आपण उगाच मान देतो आणि ‘अंदाज’ या शब्दाला उगाच कमी लेखतो. नीट माहितीवर केलेला अंदाज हा निष्काळजी मोजमापापेक्षा जास्त भरवशाचा असतो.

पण अंदाजालाही बांध आहेत, ते विसरायचं नाही. पहिला, २३ लिटरची खूण. पिंपावरच्या खुणा नेहमी अचूक नसतात. लिटरभर इकडे-तिकडे झालं तर सुरुवातीची घनता ३७ ते साडेचाळीस अंकांमध्ये कुठेही येईल. म्हणून एकदाच, रिकामं पिंप मापाच्या भांड्याने भरून स्वतःची खूण करावी. दुसरा, साखर कोणती. ब्रूइंगसाठी मिळणाऱ्या ग्लुकोजच्या भुकटीत थोडं पाणी बांधलेलं असतं, तिचे किलोमागे ३८४ ऐवजी ३५० च धरायचे. तिसरा आणि मोठा, यीस्ट किती खाईल. साधी साखर ते पूर्ण खातं. माल्टमधला काही भाग त्याला पचत नाही, आणि तो किती हे पाकावर, यीस्टवर, तापमानावर अवलंबून. अशा किटची शेवटची घनता बहुधा ४ ते ८ अंकांत येते, पण ‘बहुधा’ वर बाटलीबंद करू नये. ती मोजायचीच.

तेव्हा नियम असा करू या: किटमध्ये सुरुवातीची घनता हिशोबाने काढा आणि मोजमापाने तपासा. शेवटची घनता मात्र मोजा आणि हिशोबाने तपासा. जिथे जे प्रमाण बळकट, तिथे ते पुढे.

शेवटची घनता मोजण्यामागे आणखी गंभीर कारण आहे. आकडा दोन-तीन दिवस सारखा आला तरच आंबणं थांबलं असं मानायचं. चार अंक आंबायचे बाकी असताना बाटल्या बंद केल्या, वर नेहमीची साखरही घातली, तर बाटलीतला वायू ठरवलेल्याच्या जवळजवळ दुप्पट होतो. काच तो दाब सहन करील याची खात्री नाही. बाटली फुटते आणि काचेचे तुकडे उडतात. म्हणजे हा आकडा पिणाऱ्याच्याच नव्हे, बाटली उचलणाऱ्याच्याही जिवाशी संबंधित आहे.

आणि ‘नेहमीची साखर’ म्हणालो ना, तीच आमच्या श्रोत्यांच्या हिशोबात राहिली होती. इंटरनेटवरच्या गणकयंत्रातही त्यांनी ती भरली नव्हती. बाटलीत वायू धरावा म्हणून लिटरमागे सात-आठ ग्रॅम साखर घालतात. तीही आंबते. तिचा मद्यार्क ०.४ ते ०.५ टक्के. म्हणजे ४.३ मध्ये हे मिळवा: ४.८ च्या आसपास. चिठ्ठीवर होते ३.३.

आता त्या मित्राकडे परत येऊ. ब्रिटनमध्ये १० मिलिलिटर शुद्ध मद्यार्काला एक युनिट म्हणतात. त्याने दीड लिटर बिअर घेतली. चिठ्ठीप्रमाणे ती पाच युनिटं झाली. प्रत्यक्षात सात युनिटांहून जास्त. आणि लक्षात घ्या, पाच युनिटांवरही गाडीला हात लावू नये. पण चिठ्ठी खोटा धीर देत होती, आणि खोटा धीर देणारा आकडा नसलेल्या आकड्यापेक्षा वाईट. आकडा नसता तर मित्राने विचार केला असता.

(श्रोत्यांमधून प्रश्न: सुरुवातीला मोजलंच नाही आणि साहित्याचं वजनही लिहून ठेवलं नाही, तर?)

चांगला प्रश्न. तर मग शुद्ध शेषवत्. फक्त पुरावरून पाऊस. याचीही पद्धत आहे, आणि जुनी आहे. १८५२ मध्ये ग्रॅहम, हॉफमन आणि रेडवुड या तीन रसायनशास्त्रज्ञांनी लंडनमध्ये याच विषयावर अहवाल दिला होता. परदेशी पाठवलेल्या बिअरवरचा कर परत द्यायचा, तर तयार बिअरवरून तिची मूळ घनता कळायला हवी, हा सरकारचा प्रश्न होता. त्यांनी ऊर्ध्वपातन वापरलं. घरी त्याचं साधं रूप करता येतं. वायू घालवलेली बिअर नेमकी २५० मिलिलिटर घ्या, घनता मोजा. ती उकळून साधारण निम्मी करा. वाफेत मद्यार्क असतो, तेव्हा खिडकी उघडी हवी आणि जवळ ज्योत नको. थंड करा, शुद्ध पाणी घालून पुन्हा नेमके २५० मिलिलिटर करा, आणि त्याच तापमानाला परत मोजा. मद्यार्क गेला, त्याच्या जागी पाणी आलं, म्हणून घनता वाढलेली दिसेल. समजा ६ अंकांचे १२ झाले. नेहमीच्या बिअरमध्ये मद्यार्काचा एक टक्का घनता सुमारे दीड अंकाने उतरवतो. सहा भागिले दीड, चार टक्के.

पण इथे सावध राहा. नेहमीच्या पद्धतीत एक अंक चुकला तर ०.१३ टक्क्याची चूक होते. या पद्धतीत एक अंक चुकला तर ०.७ टक्क्याची! साध्या हायड्रोमीटरवर एक अंक चुकणं म्हणजे काहीच नाही. तेव्हा ही पद्धत ‘तीन की सहा’ एवढं सांगेल, ‘४.१ की ४.४’ हे सांगणार नाही. भूतकाळाचा पुरावा जपून ठेवला नाही की वर्तमानाला ओरबाडावं लागतं, आणि ते महाग पडतं.

(प्रश्न: रिफ्रॅक्टोमीटरने दोन थेंबांत काम होतं म्हणतात.)

सुरुवातीला होतं. तो प्रकाश किती वळतो ते पाहतो आणि त्यावरून साखर सांगतो. पण मद्यार्कही प्रकाश वळवतो. आंबल्यावर त्याचा आकडा तसाच वाचला तर साखर भरपूर शिल्लक आहे असं वाटतं. सुरुवातीचा आकडा माहीत असेल तर दुरुस्तीचं सूत्र वापरता येतं. म्हणजे पुन्हा तेच: तो साखर पाहत नाही, प्रकाश पाहतो. साखर आपण पाहतो, अनुमानाने.

(प्रश्न: जास्त कडक हवी म्हणून अर्धा किलो साखर वाढवली तर किती फरक पडेल?)

२३ लिटरमध्ये किलोभर साखरेचा हिस्सा अडीच ते पावणेतीन टक्के असतो. अर्ध्या किलोने सव्वा टक्क्याहून थोडी जास्त वाढ होईल. यातच डब्याच्या शब्दाचाही विचार करा. डब्यावरचे ४.५ हे ‘आम्ही सांगितली तितकीच साखर आणि सांगितलं तितकंच पाणी घातलंत तर’ या अटीवर आहेत. शब्दप्रमाण खरं असतं, पण त्याच्या अटींसकट. अट मोडली की तो शब्द तुमच्या पिंपाविषयी राहत नाही.

आता समारोप करू. श्रोत्यांनी विचारलं होतं, चिठ्ठीवर काय लिहू? आम्ही त्यांना कळवलं ते असं. एक आकडा लिहू नका, पल्ला लिहा: ‘४.५ ते ५ टक्के’. त्याखाली हिशोब लिहा: सुरुवात ३९, हिशोबाने, शेवट ६, मोजून, २० अंशांना, बाटलीतली साखर धरून. म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की कोणता आकडा पाहिलेला आहे आणि कोणता काढलेला. आणि शंका असेल तिथे वरच्या बाजूला चुका. बिअर चिठ्ठीपेक्षा हलकी निघाली तर कुणाचं काही बिघडत नाही. चिठ्ठीपेक्षा कडक निघाली तर बिघडू शकतं.

परवा त्यांचं उत्तर आलं. जुन्या चिठ्ठ्या काढून टाकल्या, नव्या लावल्या. पिंपाला स्वतःची खूण केली. आणि खाली एक ओळ अशी, की मित्र आता आधी बस ठरवतो आणि मग बाटली उघडतो. आम्हाला वाटतं, या सगळ्या प्रमाणचर्चेतला सर्वांत पक्का निष्कर्ष तोच आहे. पुढच्या वेळी हेत्वाभास.